परवाचं लक्षात आहे ना?

मागच्या रविवारी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी, घाईत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अरे, परवाचं लक्षात आहे ना?"

शुक्रवारी रात्री सोसायटीच्या गच्चीवर कोजागरी झाली होती. मसाला दूध, अंताक्षरी वगैरे. मी म्हटलं, "हो तर! मजा आली ना काकू. असं वरचेवर केलं पाहिजे."

काकूंनी जरा विचार केला. "वरचेवर कशाला रे? दुसऱ्याचं दिवाळीनंतर करू म्हणालेत डॉक्टर."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. त्यामुळे मला यात काहीच वावगं वाटलं नाही. "अरे वा! मग तेव्हा जरा मोठं करू. भेळ पण ठेवू. नुसत्या दुधावर भागत नाही."

"भेळ?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरे, त्यांना डोळ्यांत थेंब घालून तासभर नुसतं बसवणार आहेत. भेळ कुठली!"

इथे लिफ्ट थांबली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परवा म्हणजे मंगळवार. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सकाळी सातला गाडी काढून त्यांना घेऊन जायचं मी कबूल केलं होतं, आणि शपथेवर सांगतो, साफ विसरलो होतो. काकूंना दोन मिनिटं नक्की काय वाटलं असेल? नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला भेळ ठेवणारा, आणि वर "असं वरचेवर केलं पाहिजे" म्हणणारा मुलगा.. आम्ही दोघं लिफ्टचं दार धरून इतके हसलो की तळमजल्यावरून कोणीतरी ओरडलं.

आता यात दोष कोणाचा? माझ्या मते मराठीचा. ज्या भाषेत होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा यांना एकच शब्द आहे, त्या भाषेत सॉफ्टवेअर लिहिलं असतं तर टेस्टरने पहिल्याच दिवशी बग टाकला असता. आपण मात्र शेकडो वर्षं तो बग घेऊन मजेत जगतोय. क्रियापद आलं की भूत-भविष्याचा उलगडा होतो, पण "परवाचं लक्षात आहे ना" मध्ये उलगडा होण्याजोगं क्रियापदच नाही.

आणि हा एकच बग नाहीये. आपण घरातून निघताना "येतो" म्हणतो. "जातो" म्हटलं तर आई ओरडते, अशुभ म्हणून. पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणतो त्याचा अर्थ "आणखी एकदा विचारा" असा असतो. "बघतो" म्हणजे बहुतेक वेळा बघणार नाही. आकड्यांचं तर विचारूच नका. पार्सलवाल्याला फोन नंबर सांगताना मी "एकोणऐंशी" म्हणतो, तो एकोणनव्वद लिहून घेतो, आणि माझं पार्सल कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या फोनवरून मला शोधत फिरतं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीला 'वीस दोन' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा तावातावाने "आमचं त्रेपन्न आम्हाला प्यारं" अशा बाजूने बोललो होतो. आजकाल पार्सलवाल्याला गुपचूप "सात, नऊ" असं सुटं सुटं सांगतो. असो.

त्यात आपल्या शेजारी हिंदी. अक्षरं तीच, शब्द तेच, अर्थ भलतेच. माझा एक मित्र कानपूरचा. पुण्यात आल्यावर त्याने हौसेने मराठी शिकायला घेतलं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईशी मराठीतूनच बोलायचं असं ठरवून आला होता. आईने विचारलं, तू मूळचा कुठला रे? हा छाती पुढे काढून म्हणाला, "काकू, माझी सगळी शिक्षा कानपूरला झाली. सोळा वर्षं."

आईच्या हातातला पोह्यांचा डाव तसाच राहिला. सोळा वर्षं! आणि एवढा सज्जन दिसणारा मुलगा! तिने माझ्याकडे असं पाहिलं की कसले मित्र गोळा करतोस तू.. त्याच मित्राला पुढे ऑफिसात मराठी मॅनेजरने "कामाच्या वेळी चेष्टा नको" म्हटल्यावर तो रडकुंडीला आला होता. "सर, मैं तो पूरी चेष्टा कर रहा हूँ!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे टिंगल. बिचारा पूर्ण ताकदीने टिंगल करत होता :)

हे सगळे किस्से मी गेली कित्येक वर्षं मित्रांच्या कट्ट्यावर सांगत आलोय आणि गैरसमज ही देवाने माणसाला दिलेली फुकटची करमणूक आहे असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे, पण त्याला एक उपकलम जोडावं लागलंय. आजचा लेख त्या उपकलमासाठी.

आधी हे बघू की गैरसमजाचं हसू येतं कशामुळे. लिफ्टमध्ये बोलणं चालू होतं तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणालाच हसू येत नव्हतं. मला काकू जरा विचित्र वाटत होत्या आणि त्यांना मी. हसू आलं ते कधी, तर दोन्ही बाजू एकदम दिसल्या तेव्हा. आपलं म्हणणं आपल्या जागी बरोबर होतं, समोरच्याचं त्याच्या जागी बरोबर होतं, आणि तरीही दोघं मिळून ठार वेडे दिसत होतो, हे कळण्याचा जो क्षण असतो ना, ते ते हसू.

नाटकवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्याचं मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० च्या प्रहसनात. म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षं लोक एकाच गोष्टीला हसतायत. एक तसबीर चुकीच्या हातात दिसते, आणि तेवढ्यावरून फाल्गुनराव बायकोवर संशय घेतात, कृत्तिका नवऱ्यावर घेते, आणि अश्विनशेठ-रेवतीचं जुळत आलेलं लग्न मोडायची वेळ येते. नाटकातल्या एकानेही समोरच्याला शांतपणे "हे काय आहे?" एवढं विचारलं असतं आणि उत्तर ऐकून घेतलं असतं, तर पडदा पंधरा मिनिटांत पडला असता. पण कोणी विचारत नाही. आपण खुर्चीत बसून हसतो, कारण आपल्याला सगळ्यांच्या बाजू ठाऊक असतात. स्टेजवरच्या फाल्गुनरावाला मात्र एकदाही हसू आलेलं नाही. त्याच्या लेखी ती शोकांतिकाच चाललेली असते.

बरं, शेवटी नाटकात सगळं उलगडतं. न उलगडलं तर काय होतं, याचीही गोष्ट आपल्याकडेच आहे आणि ती प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. 'ध'चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याची आख्यायिका अशी की गारद्यांना 'धरावे' असं लिहिलेला हुकूम होता, त्यात एक अक्षर बदलून 'मारावे' झालं. अक्षर खरंच बदललं का, आणि कोणी, हा इतिहासकारांचा प्रांत. पण लोकांनी अडीचशे वर्षं लक्षात काय ठेवलं, तर एक अक्षर. आणि आपण मराठी लोक इतके वस्ताद, की एका तरुण पेशव्याच्या खुनातून आलेला वाक्प्रचार आज साबुदाण्याऐवजी साबण आणणाऱ्या नवऱ्यासाठी वापरतो.

आमच्या धंद्यातही 'ध'चा 'मा' आहेच. नासाचं मंगळावर गेलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचलं आणि नष्ट झालं. कारण ऐकून कोणालाही हसू यावं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होतं, आणि ते आकडे घेणारे ते न्यूटनच्या मापातले समजत होते. दोन्हींत साधारण साडेचार पटींचा फरक. आकडा बरोबर, गणित बरोबर, फक्त 'कशात मोजलंय' हे कोणी विचारलं नाही. यान ठरल्यापेक्षा फारच खाली, वातावरणात घुसलं. हा किस्सा ट्रेनिंगमध्ये सांगितला की नवीन पोरं हमखास हसतात. ज्यांनी आयुष्याची काही वर्षं त्या यानावर काम केलं होतं ते त्या दिवशी नक्कीच हसले नसणार.

म्हणूनच आम्ही मशीनच्या बाबतीत अतिशय संशयी असतो. इंटरनेटवर दोन कॉम्प्युटर एकमेकांशी टीसीपीने बोलायला लागतात तेव्हा आधी तीनदा रामराम होतो. "बोलू का?" "बोल, मी पण बोलू का?" "बोल." मग पाठवलेल्या मजकुराची पोच यावी लागते. पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं. मजकूर वाटेत बिघडला असेल तर ते कळावं म्हणून चेकसमची बेरीज सोबत. कुठल्यातरी मांजराचा व्हिडिओ बघायला एवढा बंदोबस्त! आणि घरात? घरात आपण आतल्या खोलीतून ओरडून सांगतो, बाहेरून "हं" असं काहीतरी ऐकू येतं, आणि आपण समजतो की पोच आली.

आता मुद्द्यावर येतो. नमनाला घडाभर तेल झालंय, पण मुद्दा जरा अवघड आहे म्हणून लांबवत होतो.

माझे बाबा. वय पंचाहत्तरच्या आसपास, तब्येत ठणठणीत, रोज टेकडी चढून येणार. गेल्या काही वर्षांत आमच्या घरातल्या विनोदांचे ते मुख्य पुरवठादार झाले होते. आई म्हणायची, "सात जण येणारेत जेवायला." बाबा, "साठ? मग हॉल घेतला का?" मी म्हणायचो, "बाबा, मला कॉल आहे, दार लावतो." बाबा, "कुठला हॉल?" बहिणीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादीच सुरू केली होती, 'आजचा धचामा'. ती परदेशात असते. तिला लांबून घरात असल्यासारखं वाटायचं. मी टाइप करायचो, ती हसण्याचे चेहरे पाठवायची. बाबाही ग्रुपवर होते, तेही अंगठा दाखवायचे.

या यादीतला सगळ्यात गाजलेला किस्सा २०२३ सालचा. त्या वर्षी आमच्या क्षेत्रात नोकऱ्या जात होत्या ते तुम्हाला आठवत असेलच. आमच्याकडेही याद्या निघाल्याची कुजबुज होती. मी पंधरा दिवस नीट झोपलो नव्हतो. घराचा हप्ता, मुलाची फी, सगळी गणितं रात्री छताकडे बघत. बायकोला सांगितलं होतं, पण एकदा बाबांना सांगावंसं वाटत होतं. ते बँकेत होते, त्यांनी संप बघितलेत, बदल्या बघितल्यात. काही सल्ला द्यावा असं नव्हतं, नुसतं त्यांनी "होईल रे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. शेवटी एका रात्री जेवताना हिय्या करून म्हटलं, "बाबा, कंपनीत कपात चाललीये."

बाबांनी ताटातून वर बघितलं. "कपाट? मग घेऊन ये की घरी. आपलं मोडलंच आहे."

एक सेकंद शांतता. मग आई हसली, बायको हसली, मुलगा तर खुर्चीतून पडायचा बाकी होता. मीही हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसलो, खरं सांगतो, बरं वाटलं. बाबाही हसले. 'कपाट' यादीत पहिल्या नंबरावर गेलं. लग्नात, मुंजीत, ऑफिसात, सगळीकडे मी ते सांगितलं. माझी नोकरी पुढे वाचली, त्यामुळे सांगायला आणखी मजा यायची.

सहा-सात महिन्यांनी एका नातेवाइकांकडे मी तो किस्सा पुन्हा सांगत होतो. पूर्ण अभिनयासकट. सगळे हसले. परत येताना गाडीत बाबा शेजारी बसले होते, काचा बंद होत्या, रस्ता शांत होता. ते म्हणाले, "तुझ्या नोकरीचं काही झालं होतं का?"

मी म्हटलं, "हो. गेल्या वर्षी. तेच ते कपाट."

"मला वाटलं, ऑफिसातलं जुनं सामान काढतायत. तुम्ही सगळे हसलात म्हणून मी पण हसलो." थोड्या वेळाने म्हणाले, "मग मला पुन्हा का नाही सांगितलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. किस्सा इतका चांगला झाला होता की त्यातला निरोप पोचवायचा राहूनच गेला. घरात एकूण पाच माणसं होती. चौघांना दोन्ही बाजू दिसल्या आणि हसू आलं. पाचव्याला कोणी दुसरी बाजू दाखवलीच नाही. तो आमचे चेहरे बघून हसला. आणि ज्याच्यावर हसत होतो तो पाचवाच होता.

त्यानंतर मी जरा लक्ष द्यायला लागलो तर जे दिसलं त्याने पोटात कालवलं. बाबा लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरायला लागले होते. हसायचे, पण बाकीच्यांच्या अर्धा सेकंद मागून. टेकडीवरच्या ग्रुपबरोबर जायचं सोडून एकटेच अर्धा तास आधी जायला लागले होते. आम्हाला वाटलं, वयानुसार अबोल झालेत. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा त्यांचं 'ऐकणं' एकदम बिघडलं होतं, आणि आम्ही त्यावरही विनोदच केले होते. ते ओठ बघून बोलणं समजून घेत होते हे तेव्हाच कळायला हवं होतं. ऑफिसात प्रॉडक्शनचा बग असता तर असे लॉग मी रात्रभर बसून वाचले असते. इथे लॉग घरात पडले होते, छान यादी करून, तारखेनिशी. त्याला आम्ही 'आजचा धचामा' म्हणत होतो.

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. आलेख निघाला. डावीकडे जाड, खर्जातल्या आवाजांना रेघ ठीकठाक, आणि उजवीकडे बारीक आवाजांकडे जाताना घसरगुंडीसारखी खाली. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते बहुतेकदा असंच, बारीक आवाजांपासून. गंमत अशी की बोलण्यातले स्वर मुख्यतः जाड आवाजांत असतात, आणि स, श, त, ट, क, फ यांसारखी व्यंजनं बारीक आवाजांत. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. कपात आणि कपाट यांत स्वर तेच, एका 'त'चा काय तो फरक. बाबांना "क-आ-अ" ऐकू येत होतं, उरलेलं ते अंदाजाने भरत होते. त्यांनी 'कपाट' हा तर्क किती बरोबर लावला होता! घरातलं कपाट खरंच मोडलं होतं.

आणि आम्ही काय करत होतो, तर ओरडत होतो. ओरडल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, जे त्यांना आधीच ऐकू येत होते. व्यंजनं होती तिथेच राहतात. वर कपाळाला आठ्या पडतात, त्या मात्र स्पष्ट दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. समोर बसून बोला, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, घाई नको, आणि एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. 'कपात' कळलं नाही तर 'नोकऱ्या जातायत' म्हणा. एवढंच. मी त्या दिवशी एवढंच केलं असतं तर..

आणि हे नुसतं घरगुती हळवेपण नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टी दिल्यात. त्यांत ऐकू कमी येणं आहे. चष्मा लागला की आपण पुढच्या आठवड्यात करून आणतो. मोतीबिंदूला तारीख घेतो, शेजाऱ्याला गाडी काढायला सांगतो. कानाचं मात्र आपण आधी किस्से करतो. दिसत नसलेल्या माणसावर आपण हसत नाही, ऐकू न येणाऱ्यावर हसतो. डेव्हिड लॉज नावाचे इंग्रज कादंबरीकार, त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं, त्यांनी २००८ साली 'डेफ सेन्टन्स' या कादंबरीत नेमकी हीच विसंगती पकडली आहे. आणि ती कादंबरी भयंकर विनोदी आहे, हेही सांगायला हवं. फक्त तिथे किस्सा सांगतो तो ऐकू न येणारा माणूस स्वतः.

हे सगळं एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता घरात हसायचं पण नाही का? प्रत्येक गोष्टीला संवेदनशीलता लावायला लागलास तर जगणं कठीण होईल." त्याचं म्हणणं मला पटतं. गैरसमजाला न हसणारी माणसं मला सहन होत नाहीत. ती प्रत्येक गैरसमजाचं भांडण करतात. लिफ्टमध्ये काकू हसल्या नसत्या तर त्यांना माझा राग आला असता, मला लाज वाटली असती, आणि आम्ही पुढचे सहा महिने जिन्याने ये-जा केली असती. हसल्यामुळे चूक हलकी होते, कोणालाच हार मानावी लागत नाही. ज्या घरात गैरसमजाचे किस्से होतात ते घर चांगलंच असतं.

माझं उपकलम एवढंच आहे, की हसून झाल्यावर निरोप पोचवा. कानपूरच्या मित्राच्या शिक्षेवर आम्ही हसलो, पण पुढच्या मिनिटाला त्यालाही सांगितलं, आणि सगळ्यात जास्त तो हसला. आज तो किस्सा तोच सांगतो, मला सांगू देत नाही. ती माझ्या मते चांगल्या किस्स्याची खूण आहे. ज्याची फजिती झाली तो माणूस स्वतः तो किस्सा सांगू शकतो का? सांगत असेल तर खुशाल हसा. तो गप्प बसून आपल्या चेहऱ्यांकडे बघत असेल तर थांबा. आणि एकाच माणसाचा एकाच प्रकारचा गैरसमज तिसऱ्यांदा झाला, तर त्याला किस्सा म्हणू नका. आमच्याकडे त्याला बग म्हणतात, आणि तो कोणाच्या तरी नावावर टाकावा लागतो. घरात तो आपल्याच नावावर असतो.

बाबांना कानाची यंत्रं बसवून आता बरेच महिने झाले. पहिले काही आठवडे वैताग होता. सगळंच कर्कश वाटायचं, काढून डबीत ठेवायचे. पेपरचं पान उलटताना दचकून म्हणाले, "हा एवढा वाजतो?" कुकरच्या शिट्टीला घाबरले. मग हळूहळू सवय झाली. सगळं परत आलेलं नाही, गर्दीत अजून अडखळतात. पण टेकडीवर पुन्हा ग्रुपबरोबर जातात. आई स्वयंपाकघरात त्यांच्याबद्दल जे पुटपुटते ते आता त्यांना ऐकू येतं, आणि ते बाहेरून उत्तर देतात. आई म्हणते, आधीच बरं होतं.

'धचामा'ची यादी चालू आहे. फरक एवढाच की आता त्यात बाबाही लिहितात. परवा (होऊन गेलेल्या) त्यांनीच टाकलं: "चिरंजीव म्हणाले, स्टँडअप आहे. मी म्हटलं, मग उभा राहा. ते बसूनच होते."

आणि हो, मंगळवारी सकाळी सातला मी गाडी काढली. काकांचं ऑपरेशन छान झालं. काका आत थेंब घालून बसले होते तेवढ्या वेळात काकूंनी बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांना भेळेचा किस्सा सांगितला. माझ्याकडे बोट दाखवून. निघताना म्हणाल्या, "दुसऱ्याचं दिवाळीनंतर. तारीख लिहून देते तुला, परवा-बिरवा काही नाही."

मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीये.